तेराव्या मजल्याचा निकाल

१८ मार्च

प्रिय कानसेना,

तुझी टेप परवा मिळाली. काल दुपारी कामावरून लवकर येऊन, दार लावून ऐकली. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

'तेरावा मजला' कच्चं? शुद्धीवर होतास ना? तीस वर्षं आपण हा खेळ खेळतोय. जगात लोकांना आवडत्या हेवी मेटल बँडची उत्तम गाणी निवडायचा सोस असतो. आपण दोघं कच्ची निवडतो, कारण आपल्याला कान आहेत, असं तूच म्हणायचास. एकूण एकेचाळीस गाणी. दर वर्षी आळीपाळीनं एकानं उरलेल्यांतलं सगळ्यात कच्चं गाणं धरायचं, सामायिक टेपवरून पुसायचं, त्या जागी गाण्याच्या लांबीइतकंच बोलून निकाल द्यायचा आणि टेप दुसऱ्याला धाडायची. पुसलेलं गाणं उभ्या आयुष्यात पुन्हा ऐकायचं नाही. अशी एकोणतीस गेली. बरीचशी जायच्याच लायकीची होती. पण उरलेल्या बारांत 'रडका घोडा' अजून जिवंत आहे, ज्यात गायक शेवटी खिंकाळतो. 'पिठाची गिरणी' आहे, ज्यात दोन गिटारी सात मिनिटं एकच दळण दळतात. ती सोडून तू बँडच्या नरड्यालाच हात घातलास.

मी लिफ्ट दुरुस्त करतो म्हणून मला ते गाणं आवडतं, असं निकालात म्हणालास. हो, आवडतं. दोन मजल्यांच्या मध्ये अंधारात लटकून, तेलकट दोराला कान लावून तू कधी बसलायस?

आणि नियम कुठे गेले? गाणं आठ मिनिटं दहा सेकंदांचं. तू साडेपाच मिनिटं बोललास, समोरच्या शाळेची ती लांबलचक घंटा वाजली तसं वाक्य अर्धवट टाकून गप्प बसलास. मग खालून ताईंची काठी दोनदा वाजली. तू 'आली ताई' म्हणालास, खुर्ची सरकवलीस, आणि पुढे दोन मिनिटं नुसती खरखर. टाचेनं उत्तरसुद्धा दिलं नाहीस. इतक्या वर्षांच्या टेपांत काठीमागून टाच आली नाही असं पहिल्यांदाच झालं. भांडलात की काय?

मी 'मान्य' लिहिणार नाही. नियमाप्रमाणे एक हरकत घेता येते. ती लिहितोय, पण राग उतरल्यावर.

तुझा,
लिफ्टवाला

२५ मार्च

नमस्कार.

माझ्या भावाला आलेले तुमचे पत्र मी फोडले. दुसऱ्याचे पत्र फोडण्याची मला सवय नाही. ज्याने फोडायचे तो आता नाही.

भाऊ ६ मार्चला गेला. हृदय बंद पडले. ७ तारखेला सकाळी मी वर गेले तेव्हा तो कामाच्या टेबलाशेजारी जमिनीवर होता. वय बावन्न. दुरुस्तीला आलेली कानयंत्रे टेबलावर चिठ्ठ्या लावून ओळीने मांडलेली होती, ती मी ज्याची त्याला पोचवली. मशीनमध्ये टेप होती आणि शेजारी तुमचा पत्ता व ६ मार्च ही तारीख घातलेला खोका तयार होता, म्हणून तीही टपालात टाकली. ऐकली नाही. ते संगीत मला छतातून पुरेसे ऐकू येत असे.

तुम्हाला आमची रीत ठाऊक दिसते. तो वर राहायचा, मी खाली. आवाज वाढला की मी काठीने छताला दोनदा ठोकायची. तो आवाज कमी करायचा आणि कळल्याची खूण म्हणून एकदा टाच आपटायचा. गेली नऊ-दहा वर्षे आमचे बोलणे बहुतेक एवढेच होते. भांडण नव्हते. सांगण्यासारखे काही उरले नाही असे दोघांनाही वाटत असावे.

तुमच्या पत्रात एक गोष्ट अशी आहे की ती खरी असणे शक्य नाही. टेप परत पाठवावी. खर्च कळवावा.

कानसेनाची बहीण

२ एप्रिल

ताई,

तुमचं पत्र वाचून मी जिन्यातच बसलो. आमची प्रत्यक्ष भेट तीस वर्षांत फक्त दोनदा झाली, आणि दोन्ही वेळा आम्ही गाण्यांवरून भांडलो. पण माझ्या लग्नात जे जमले होते त्यांच्यातल्या कुणाहीपेक्षा तो मला जवळचा होता. हे त्याला कधी लिहिलं नाही. आमच्या पत्रांत तसलं काही लिहायचा प्रघात नव्हता.

मागच्या पत्रात मी काहीबाही खरडलं, ते मनावर घेऊ नका. माझं मशीन जुनं झालंय, त्याला स्वतःचेच आवाज येतात. आणि सांगायला वाईट वाटतं, पण टेप त्यात अडकून तिचं भजं झालं. पाठवण्यासारखं काही उरलं नाही. तुम्ही त्याला समाधानानं निरोप दिलात असंच समजा.

तुमचा,
लिफ्टवाला

८ एप्रिल

लिफ्टवाले,

मी वजने-मापे निरीक्षक आहे. चौतीस वर्षे लोक तराजूच्या मागे उभे राहून माझ्याशी खोटे बोलत आले आहेत. त्यांच्यात तुम्ही कच्चे आहात. टेपचे भजे झाले असते तर तुम्ही दोन ओळींत नव्हे, दोन पानांत रडला असता.

तुम्ही का लपवता याचा मी विचार केला. मी खाली काठी आपटत होते आणि वर तो मरत होता, हे मला कळू नये म्हणून लपवता. तुमच्या भल्या हेतूचा मला उपयोग नाही. मी जे सांगते ते नीट वाचा. हे मी कोणाला सांगितलेले नाही.

६ मार्चला मी सकाळी आठला घराबाहेर पडले. साडेनऊ ते बारा मी कोळशाच्या वखारीतला मोठा वजनकाटा तपासत होते. वखार घरापासून अकरा मैलांवर आहे. नोंदवहीत माझी सही आहे, वेळ आहे, तीन साक्षीदार आहेत. संध्याकाळी साडेसहाला परत आले. सातला सहा मिनिटे असताना वर गाणे सुरू झाले, फार मोठ्याने. सात वाजता मी काठी उचलली. काठी छताला लागणार तोच गाणे थांबले. हात उचललेलाच होता, म्हणून ठोकायचे ते दोनदा ठोकले. क्षणभराने गाणे पुन्हा सुरू झाले, पण हळू. आणि टाच वाजली. एकदा, नेहमीसारखी. मी चहा केला, जेवले, झोपले.

डॉक्टर म्हणतात तो ६ तारखेला सकाळी दहाच्या सुमारास गेला. फार तर अर्धा तास इकडेतिकडे. तुमच्या पत्रातली लांबलचक घंटा शाळेत दिवसातून एकदाच होते. सकाळी दहाला.

आता दोनपैकी एक काहीतरी खरे असले पाहिजे. डॉक्टर चुकले असतील, तर तो संध्याकाळी सातला जिवंत होता, त्याने मला उत्तर दिले, आणि नंतर तो रात्रभर माझ्या डोक्यावर पडून राहिला व मी झोपले. डॉक्टर बरोबर असतील, तर सात वाजता मला उत्तर कोणी दिले ते मला हवे आहे. बोलणे भरायचे मशीन एवढ्या मोठ्याने वाजत नाही. गाणी वाजवायचे त्याचे दुसरे मशीन त्या दिवशी उघडून वर्तमानपत्रावर सुटे मांडलेले होते. मी स्वतः पाहिले. त्याच्यावर काही वाजणे शक्य नव्हते.

टेप पाठवा.

१७ एप्रिल

ताई,

खोटं बोललो. माफ करा. टेप माझ्या उशाशी आहे. तुम्ही म्हणालात तेच कारण होतं. तुम्ही घरातच होतात, काठी वाजवलीत आणि वर गेला नाहीत, असं मला वाटलं. तुम्ही अकरा मैलांवर होतात हे वाचून आधी बरं वाटलं, आणि मग वाटेना.

मी तुमच्याइतकाच हिशेबी माणूस आहे. भुतंबितं मानत नाही. लिफ्टच्या विहिरीत कुणी ना कुणी कुजबुजतंच, तो वारा असतो. माझं म्हणणं असं. जुनी टेप नीट पुसली जात नाही. नव्या बोलण्याखालून आधीचं गाणं कधीकधी डोकावतं. 'तेरावा मजला'त सहाव्या मिनिटाला सगळी वाद्यं एकदम थांबतात. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते तशी. गायक विचारतो, कुणी आहे का. मग शांतता, आणि मला आठवतं त्याप्रमाणे ड्रमवाला दोन ठोके देतो. टेपवर ती काठी सहा मिनिटं बारा सेकंदांवर वाजते. अगदी तिथेच. म्हणजे ती काठी नाहीच, खालचा ड्रम आहे. कानसेनानं तो ऐकला आणि त्यालाही तुमची काठी वाटली.

मूळ गाणं लावून मी हे दोन मिनिटांत तपासू शकतो. पण ते पुसलं गेलंय, आणि पुसलेलं मी ऐकत नाही. हसा हवं तर. तो नियम आम्ही वयाच्या बाविसाव्या वर्षी केला. आता तो मोडला तर त्याचं म्हणून माझ्याजवळ काय उरलं?

टेपबद्दलही नियम आहे. ती फक्त खेळणाऱ्याकडे जाते. म्हणून त्याच्या जागी तुम्ही बसा. त्याच्या फळीवर विकत घेतलेल्या मूळ टेपा आहेत. उरलेली अकरा गाणी ऐका आणि कच्चं कोणतं ते कारणासकट कळवा. टेप त्याच दिवशी निघेल. हे अडवणूक केल्यासारखं दिसतं. आहेच. पण इतक्या वर्षांत त्या गाण्यांबद्दल मी दुसऱ्या कुणाशी बोललेलो नाही.

लिफ्टवाला

२९ एप्रिल

लिफ्टवाले,

तुमची अट मूर्खपणाची आहे. तरी पुरी केली. भावाच्या धंद्यातल्या एका माणसाकडून सुटे मशीन जोडून घेतले आणि वरून खाली आणले. रोज कामावरून आल्यावर दोन-दोन याप्रमाणे अकरा गाणी ऐकली.

निकाल: अकराही सारखीच कच्ची आहेत. पत्र्यांच्या गोदामाला आग लागली आहे आणि आतला रखवालदार ओरडतो आहे, याखेरीज मला काही ऐकू आले नाही.

टेप पाठवा.

६ मे

ताई,

हा निकाल नाही, ही चिडचिड आहे. परत.

एखाद्या दुकानात जाऊन 'तुमची सगळीच वजनं खोटी' असं लिहून तुम्ही बाहेर पडाल का? एकेक उचलून बघाल ना? तसं ऐका. आधी फक्त ड्रम धरा, बाकीच्यांकडे लक्ष देऊ नका. मग सगळ्यात खालची गिटार, जी ऐकू येत नाही पण छातीत कळते. गायकाला शेवटी घ्या, तो फार लाडावलेला आहे. आवाज वाढवून ऐका. तुम्ही नक्कीच शेजाऱ्यांच्या विचारानं हळू लावलंत.

एक सांगू? तुमचं ते गोदामाचं वाक्य त्याला फार आवडलं असतं. खेळाच्या अठराव्या वर्षीच्या निकालात तो 'दाढदुखी'ला जवळजवळ हेच म्हणाला होता.

लिफ्टवाला

२० मे

लिफ्टवाले,

निकाल: 'रडका घोडा'.

कारण खिंकाळणे नव्हे. ते त्याला शोभते. कारण ड्रम. मी थांबघड्याळ लावून मोजले. पहिल्या कडव्यात मिनिटाला एकशे अठ्ठेचाळीस ठोके आहेत, शेवटच्या कडव्यात एकशे एकोणचाळीस. माणूस दमला आहे आणि ते लपवायला इतरांनी आवाज वाढवला आहे. दमण्याला माझी हरकत नाही. कमी माल देऊन वर हात आपटणे याला आहे. 'पिठाची गिरणी'ची तुम्ही टिंगल करता, पण ती प्रामाणिक आहे. जेवढे दळायचे कबूल केले तेवढे दळते. 'गंजलेली घंटा' मी पाच वेळा ऐकले. ते तपासण्यासाठी ऐकले नाही, हेही कळवून टाकते.

आता मुद्दा. मला ही गाणी वेगवेगळी ओळखू येऊ लागली आहेत. पहिल्या दोन ठोक्यांत नाव सांगू शकते. म्हणून मला एक गोष्ट समजली. ६ मार्चला संध्याकाळी मी वर जे ऐकले ते या अकरांपैकी एकही नव्हते. कोणत्याच गाण्यात सगळे एकदम थांबत नाही.

बाराव्याबद्दल तुम्ही लिहिले आहे की त्यात थांबते.

ती टेप फळीवर आहे. मी अजून लावलेली नाही.

२७ मे

ताई,

निकालाबद्दल भांडायची इच्छा होती. एकशे एकोणचाळीस हे खोटं आहे असं लिहायला बसलो, मोजून बघितलं, आणि एकशे अडतीस भरले. तीस वर्षं आम्ही दोघं त्या घोड्याला खिंकाळण्यावरून शिव्या देत राहिलो. मापात मारतोय हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. तो असता तर महिनाभर झोपला नसता.

टेप या पत्राबरोबर पाठवतोय.

बाकीचं वाचून मी दिवसभर कामावर गेलो नाही. त्या दिवशी तुमच्या डोक्यावर 'तेरावा मजला' वाजत होतं, असंच ना? तो सकाळीच ते गाणं पुसून बसला होता. त्याच्या हातून ते पुन्हा वाजणं शक्यच नाही. मेला तरी तो नियम मोडायचा नाही. हे मी गमतीनं लिहीत नाहीये.

माझं ऐकाल तर मूळ गाणं लावू नका. लावणारच असाल तर वर, त्याच्या खोलीत लावा, आणि आवाज आठवर ठेवा. हळू लावलं तर ते दोन ठोके आहेत की नाहीत हे कधीच ठरणार नाही. ते गाण्यातच असले तर आपण दोघंही सुटलो. तसं कळवा, मी देवासमोर दिवा लावीन, आणि मी देव मानत नाही.

'मान्य' मी अजून लिहिलेलं नाही. ते आता तुम्हीच लिहा. किंवा हरकत घ्या. हरकत टिकली तर निकाल फिरतो आणि दुसरं गाणं जातं. असं आमच्यात कधी झालं नाही. त्याचे निकाल पक्के असायचे.

लिफ्टवाला

१० जून

लिफ्टवाले,

टेप मिळाली. काल जे झाले ते क्रमाने लिहिते.

मशीन पुन्हा वर नेले. त्याच्या टेबलावर, त्याच्या खुर्चीसमोर ठेवले. भाऊ गेल्यापासून मी त्या खोलीत केर काढण्यापुरतीच जात असे. खुर्चीच्या समोर जमिनीवर एक फरशी खोलगट झालेली आहे. टाचेएवढी. मला ती आजवर दिसली नव्हती. मी उभीच राहिले. मूळ गाणे लावले, आवाज आठवर. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. पहिल्या चार ठोक्यांत ओळखले. ६ मार्चचे गाणे हेच.

चांगले गाणे आहे. तुमचे बरोबर होते. खालची गिटार छातीत कळते.

सहाव्या मिनिटाला सगळे थांबले. गायकाने विचारले. आणि शांततेत दोन ठोके पडले.

मला पहिल्यांदा आनंद झाला, हे मी लपवत नाही. ठोके गाण्यातच आहेत, लिफ्टवाले जिंकले, असे मनात आले. पण ते मनात येण्याआधीच माझ्या हाताने आवाज खाली आणला होता, आणि माझी उजवी टाच त्या खोलगट फरशीवर पडली होती. एकदा. मी जन्मात कधी टाच आपटलेली नाही. इतकी वर्षे त्या ठोक्यांना तेच उत्तर ऐकत आले, पायाने ते माझ्या आधी दिले. गाणे पुढे हळू वाजत राहिले. मग मला कळले की ठोके कानाला ऐकू आले नव्हते. ते तळपायाला लागले होते. खालून.

घड्याळात सात वाजले होते.

मी गाणे मागे घेऊन तोच भाग तीनदा लावला. शांतता आहे, पंधरा सेकंदांची. तिच्यात ठोके नाहीत. ड्रमवाला एकदम पूर्ण जोराने परत येतो. दोन ठोके तुम्ही आठवणीत घातले आहेत. मग मी खाली गेले. बाहेरचे दार आतून लावलेले होते, तसेच होते. काठी कोपऱ्यात होती. छताचा थोडा चुना जमिनीवर पडलेला होता. मी काठीला मार्चपासून हात लावलेला नाही.

डॉक्टर बरोबर होते. ६ मार्चला सात वाजता भाऊ नव्हता. खाली काठी घेऊन मी होते, आणि वर गाणे लावून, आवाज कमी करून, टाच आपटणारीही मीच होते. यापेक्षा वेगळी मांडणी मला करता येत नाही. मी रात्रभर करून पाहिली. ज्या टाचेच्या भरवशावर तो ठीक आहे असे समजून मी चहा केला, ती माझी होती. त्याने मला उत्तर दिले नाही. तीन महिने मी त्या एका उत्तराला धरून होते.

मग तुमची टेप लावली.

तुम्ही निकालाचे कारण मला कधी लिहिले नाही. तो म्हणतो की गाणे बांधेसूद आहे, लिफ्टवाल्याला प्राणप्रिय आहे, तरी कच्चे आहे, कारण माणूस हाक मारतो, इतका वेळ थांबतो, आणि त्याला कुणीही उत्तर देत नाही. चारही जण पुन्हा आपापले वाजवायला लागतात. "हाक मारून ठेवायची आणि उत्तराची सोयच करायची नाही, असं गाणं..." इथे शाळेची घंटा होते. तो श्वास घेतो. तो श्वास बरा नाही. तुम्हीही तो ऐकला असणार. नंतर अर्धे मिनिट काही नाही. आणि मग दोन ठोके.

ती माझी काठी आहे. दुसरा ठोका पहिल्यापेक्षा जड पडतो, कारण माझा खांदा दुखतो. स्वतःचे माप मी ओळखते. मी संध्याकाळी सातला मारलेले ठोके त्याला सकाळी दहाला पोचले. कसे, ते मला विचारू नका.

"आली ताई."

हे दोन शब्द मी अकरा वेळा ऐकले. आवाजात दुखणे नाही, भीती नाही. मी कॉलेजात होते तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि संध्याकाळी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून माझी वाट पाहायचा. मी खालचे दार लोटले की कुणाला तरी सांगितल्यासारखे हेच म्हणायचा. सांगायला घरात कोणी नसायचे. नंतर खुर्ची सरकते. तो टाच आपटायला उठला होता असे माझे मत आहे. पोचली नाही. म्हणून ती राहिली होती, आणि काल मी पुरी केली.

तेव्हा तुम्ही दिवा लावू नका. कामावर जा.

टेप परत पाठवत आहे. 'रडका घोडा' मी पुसला आहे. गाण्याच्या लांबीइतकेच, पाच मिनिटे वीस सेकंद, बोलले आहे. बोलताना तीन वेळा थांबावे लागले, ते समजून घ्या. पुढच्या वर्षी पाळी तुमची. अकरा उरली, 'तेरावा मजला' धरून. त्याच्या निकालावर नियमाप्रमाणे माझी एक हरकत आहे, ती अशी:

गाण्यात हाकेला उत्तर मिळत नाही, हे कारण चुकीचे आहे. मिळते. मात्र त्यासाठी खाली उभे राहून ठोकणे पुरत नाही, कोणीतरी जिना चढून वर जावे लागते. मी तीन महिने उशिरा गेले.

कानसेनाची ताई